खाटकाच्या ओट्यावरची उमेदवारी

संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परतलेल्या मुलाला बाप धावत जाऊन मिठी मारतो, त्याच्या अंगावर उत्तम झगा चढवितो, बोटात अंगठी घालतो आणि चाकरांना सांगतो, की पुष्ट वासरू आणून कापा. त्यानंतर दाखला एकदम मेजवानीवर येतो. थोरला मुलगा शेतातून परततो तेव्हा त्याच्या कानी गाणे-बजावणे पडते. मधल्या वेळात कोणीतरी ते वासरू गोठ्यातून सोडले, कापले, सोलले आणि त्याचे तुकडे केले. ज्याने हे केले त्या चाकराला नाव नाही, चेहराही नाही. दाखल्याचा सारा रोख क्षमेवर असल्यामुळे तेथे या तपशिलाची अपेक्षा करणे गैर ठरेल. तथापि साहित्याने आजवर त्या चाकराला बहुधा असेच दाराआड ठेवले आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आपला स्वतःचा व्यवहारही फारसा निराळा नाही. रविवारची मिस्सा आटोपली की मटणाच्या दुकानापुढे रांग लागते. सणासमारंभाला सोरपोतेल किंवा विंदालू असल्यावाचून अनेक घरांतील ताट पुरे होत नाही. सोरपोतेलात तर काळीज, हृदय असे जे भाग एरवी कोणी मुद्दाम मागून घेत नाही, तेही बारीक चिरून पडतात. सबंध जनावर ओळखणाऱ्या हातावाचून हा पदार्थ जन्मालाच आला नसता. परंतु त्या हाताने ही विद्या कोठे आणि कशी संपादन केली, हे आपण कधी विचारीत नाही. 'कसाई' हा शब्द मराठीत निर्दयपणाचा पर्याय होऊन बसला आहे. कुंभाराचे चाक आणि विणकराचा माग यांतून संतांना परमार्थाची रूपके सुचली. खाटकाच्या सुऱ्याच्या वाट्याला मात्र शिवीच अधिक आली.

गेल्या वीस वर्षांत इंग्रजीमध्ये या विषयावर एक लहानसा ग्रंथप्रवाह निर्माण झाला आहे. लेखणीवर पोट भरणारी शहरी, सुशिक्षित माणसे एखाद्या खाटकाच्या हाताखाली उमेदवारी करतात आणि त्या अनुभवावर पुस्तक लिहितात. बिल ब्युफर्ड यांचे 'हीट' (२००६), ज्युली पॉवेल यांचे 'क्लीव्हिंग' (२००९) आणि कॅमस डेव्हिस यांचे 'किलिंग इट' (२०१८) ही त्यांतील तीन ठळक पुस्तके होत. त्यांचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मात्र तत्पूर्वी मापे ठरविली पाहिजेत. ती मापे दोन जुन्या कथांतून आपल्या हाती येतात.

पहिली कथा महाभारताच्या वनपर्वातील आहे. मार्कंडेय ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण झाडाखाली बसलेला असताना वरून एक बगळी त्याच्या अंगावर शिटते आणि त्याच्या क्रुद्ध दृष्टीने ती गतप्राण होऊन खाली पडते. पुढे तो एका दारी भिक्षा मागावयास जातो. पतीच्या सेवेत गुंतलेली गृहिणी त्याला तिष्ठत ठेवते आणि तो संतापताच, मी काही बगळी नव्हे, असे त्याला ऐकविते. खरा धर्म जाणावयाचा असेल तर मिथिलेतील व्याधाकडे जा, असा सल्लाही तीच देते. कौशिक मिथिलेस पोहोचतो तो व्याध मांसाच्या दुकानात बसून हरणाचे आणि रेड्याचे मांस विकीत असलेला त्याला दिसतो. भोवती गिऱ्हाइकांची दाटी असते. ब्राह्मण एका बाजूला उभा राहतो. हाच धर्मव्याध. त्याने कौशिकाला केलेला उपदेश 'व्याधगीता' म्हणून विख्यात आहे.

मांसविक्रेत्याकडून ब्राह्मणाला धर्म शिकावयास लावणारी ही कथा धीट आहे, यात शंका नाही. तरीसुद्धा ती बारकाईने वाचली असता एक गोष्ट ध्यानात येते. व्याध आपल्या धंद्याविषयी जे जे बोलतो ते ते त्या धंद्यापासून अंतर राखण्यासाठीच बोलतो. हा व्यवसाय मला वाडवडिलांकडून आला. मी स्वतः जनावर मारीत नाही, इतरांनी मारलेल्याचे मांस विकतो. मी स्वतः मांस खात नाही. हे कर्म घोर आहे हे मी जाणतो. आणि अखेरीस, पूर्वजन्मी मी ब्राह्मणच होतो, माझा बाण चुकून एका ऋषीला लागल्यामुळे शापाने या जन्माला आलो. दुकानात गर्दी आहे, पण सुरा कोठे दिसत नाही. व्याधाला हे काम कोणी शिकविले, पहिल्या दिवशी त्याचा हात कोठे चुकला, याविषयी कथेत अवाक्षरही नाही. त्यात माणूस वंद्य ठरतो; त्याचे काम केवळ क्षम्य ठरते. भक्तिपरंपरेतील सजन कसायाची गोष्टही याच वळणाची आहे. देव त्याला मांस विकू लागतो, असे तुकोबांनी म्हटले ते देव उच्चनीच मानीत नाही, हे सांगण्यासाठी. तो दाखला देवाच्या औदार्याचा आहे, सजनाच्या हातोटीचा नाही.

दुसरी कथा चीनमधील आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेलेल्या च्वांग त्झू या तत्त्वज्ञाच्या नावे जो ग्रंथ प्रसिद्ध आहे, त्याच्या तिसऱ्या प्रकरणात डिंग नावाचा आचारी आपल्या राजासमोर बैलाचे तुकडे करतो. त्याचे हात, खांदा, पाय आणि गुडघा अशा तालात हालतात की जणू नृत्यच चालले आहे. राजा थक्क होतो तेव्हा डिंग सुरा खाली ठेवून आपल्या उमेदवारीची हकीकत सांगतो. प्रारंभी मला समोर सबंध बैल दिसे. तीन वर्षांनी सबंध बैल दिसेनासा झाला. आता तर मी डोळ्यांनी पाहतच नाही. सामान्य आचारी मांस तोडतो म्हणून त्याला महिन्याला सुरा बदलावा लागतो. चांगला आचारी कापतो म्हणून त्याला वर्षाला बदलावा लागतो. माझा सुरा १९ वर्षांचा आहे, त्याखालून हजारो बैल गेले आहेत, आणि धार अशी आहे की जणू आत्ताच निसण्यावरून काढला. सांध्यांमध्ये फट असते आणि पात्याला जाडी नसते, मग पाते अडेल कशाला? तथापि अवघड गाठ आली म्हणजे मी थबकतो, नजर स्थिर करतो आणि अगदी हळू हात चालवितो. हे ऐकून राजा म्हणतो, आज मला जीवन कसे जोपासावे ते कळले.

येथे पूर्वजन्म नाही, शाप नाही, क्षमायाचना नाही. ज्ञान प्रत्यक्ष कामातच आहे आणि राजा ते कामाकडूनच शिकतो. डिंगच्या बोलण्यात नुसते तत्त्वज्ञान आहे असेही कोणी समजू नये. धंद्यातील जाणकार आजही तेच सांगतील. मांडीचा फरा म्हणजे मांसाचा एकसंध गोळा नव्हे. त्यात अनेक स्नायू एकमेकांना बिलगून असतात आणि प्रत्येक दोहोंमध्ये पातळ पापुद्रा असतो. सुऱ्याचे टोक त्या पापुद्र्याच्या रेघेने गेले तर स्नायू जवळजवळ आपणहून सुटे होतात. सत्तुराने आडवे तोडले तर हाडाच्या किरच्या मांसात शिरतात आणि कठीण व मऊ स्नायू एकाच तुकड्यात येतात. ज्या स्नायूला जनावराच्या हयातीत अधिक श्रम पडतात तो चिवट असतो. पायाचे मांस मंद आचेवर बराच वेळ ठेवावे लागते, कारण तेव्हाच त्यातील चिवट तंतू विरघळून रस दाट होतो. पाठीच्या कण्यालगतचे मांस थोड्या आचेवर भागते. हे सारे डोळ्यांनी वाचून येत नाही. ते जाणत्याच्या शेजारी उभे राहून, चुका करीत, हाताला शिकवावे लागते. म्हणूनच जर्मनीत या व्यवसायाची उमेदवारी तीन वर्षांची आणि फ्रान्समध्ये त्याच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांची असते.

डिंगच्या कथेतही उणीव आहे. बैलाच्या मरणाविषयी ती मूक आहे. शिवाय राजाच्या पदरी असलेल्या डिंगने हे काम स्वतः निवडले होते काय, याचीही ती वास्तपुस्त करीत नाही. तेव्हा दोन्ही कथा शेजारी ठेवल्या असता आपल्याला तीन प्रश्न मिळतात. या व्यवसायावरचे लेखन त्यातील कामाला ज्ञान म्हणून ओळखते काय? ते काम कोणाच्या वाट्याला इच्छेने आणि कोणाच्या वाट्याला सक्तीने आले, याचे भान त्याला आहे काय? आणि ज्या जिवाच्या देहावर ही सारी विद्या उभी आहे त्याचे ते काय करते?

आधुनिक काळात या विद्येवर मोठा आघात झाला तो शिकागोच्या कत्तलखान्यांत. अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' (१९०६) ही कादंबरी प्रामुख्याने अस्वच्छ मांसाच्या वर्णनांसाठी स्मरणात राहिली. त्या वर्णनांनी अमेरिकेत एवढी खळबळ उडविली की त्याच वर्षी जून महिन्यात मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. सिंक्लेअर यांना वाचकांच्या हृदयाला हात घालावयाचा होता आणि घाव बसला तो पोटावर, अशी खंत त्यांनीच पुढे व्यक्त केली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्या कादंबरीतील एक साधा प्रसंग अधिक बोलका आहे. युर्गिस हा लिथुआनियातून आलेला धिप्पाड शेतकरी तरुण कत्तलखान्यात कामाला लागतो. त्याचे काम आतडी झाडून ती जमिनीतील भोकात लोटण्याचे. ते समजून घेण्यास त्याला काही क्षण पुरतात. त्याला शिकविण्यासारखे काही नाही, म्हणून त्याला गुरूही नाही. वर टांगलेल्या सरकत्या आकड्यांवरून जनावर पुढे जात राहते आणि ओळीतील प्रत्येक माणूस एकच एक घाव घालतो. त्यांतील मोजके वाकबगार सोडले, तर बाकीचे कोणीही केव्हाही बदलता येते. मोटारी जोडण्याच्या आपल्या सरकत्या साखळीची कल्पना शिकागोच्या याच पद्धतीवरून आली, असे हेन्री फोर्ड यांनी पुढे लिहून ठेवले आहे. डिंगला तीन वर्षांनी सबंध बैल दिसेनासा झाला, कारण त्याने तो पुरता जाणला होता. युर्गिसच्या शेजाऱ्यांना सबंध बैल जाणण्याची संधीच मिळत नाही. सिंक्लेअर यांच्या पुस्तकाने आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतक्या तीव्रतेने दिले आहे की त्याला तोड नाही. आणि ओरडणाऱ्या डुकरांविषयीही ते गप्प बसलेले नाही.

या पार्श्वभूमीवर 'हीट'कडे वळावे. बिल ब्युफर्ड हे 'ग्रांटा' या वाङ्मयीन नियतकालिकाचे अनेक वर्षे संपादक होते आणि पुढे 'द न्यूयॉर्कर'चे कथा-संपादक झाले. इतरांच्या लेखनावर कात्री चालविणारा हा माणूस चाळिशी उलटल्यावर न्यूयॉर्कमधील एका नामांकित इटालियन उपाहारगृहात बिनपगारी उमेदवार म्हणून शिरतो. तेथून तो इटलीत जातो आणि शेवटी टस्कनीतील पांझानो या लहान गावी दारिओ चेक्कीनी या खाटकाच्या दुकानात पोहोचतो. चेक्कीनी डान्टेची कडवी मुखोद्गत म्हणणारा अवलिया. गोवंशातील मेंदूच्या रोगाच्या भीतीने युरोपात हाडासकटच्या बीफच्या विक्रीवर बंदी आली तेव्हा, २००१ मध्ये, त्याने फ्लॉरेन्सच्या प्रसिद्ध 'बिस्तेक्का'ची चक्क अंत्ययात्रा काढली होती.

ब्युफर्ड यांच्या पुस्तकाचे बळ या रंगेल पात्रात आहे असे बहुतेकांना वाटते. प्रस्तुत लेखकाला ते अन्यत्र आढळते. दुकानात एक वयस्क, मितभाषी कारागीर आहे. सारे त्याला 'मायेस्त्रो', म्हणजे गुरुजी, म्हणतात. खरा सुरा तोच चालवितो आणि लेखकाच्या हाताला वळणही तोच लावतो. या पानांत ब्युफर्ड यांची शैली बदलते. उपाहारगृहाच्या प्रकरणांतील घाई, आरडाओरड आणि विनोद मागे पडतात आणि वाक्ये धिमी होतात. शब्दांवर आयुष्य काढलेला माणूस हातांकडे टक लावून पाहू लागतो. तेथे त्याला भाषेचा एक नवाच पेच पडतो. मांसाच्या तुकड्यांची नावे इटलीत गावागणिक बदलतात. एका गावचा शब्द दुसऱ्या गावी निराळ्याच तुकड्याला लावतात. ही नावे शिकावयाची तर ती शब्दकोशात न शोधता दुकानात, सुरा कोठून कोठे गेला हे पाहत शिकावी लागतात. संपादकाला भाषेचा हा धडा खाटकाकडून मिळावा, यात या पुस्तकाचे सत्त्व आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाला 'हीट' चोख उतरते.

ब्युफर्ड यांचा प्रामाणिकपणाही नोंदला पाहिजे. टस्कनीच्या परंपरेचा ध्वज खांद्यावर घेतलेल्या चेक्कीनीच्या दुकानातील गोमांस मुळात स्पेनमधून येते, ही अडचणीची गोष्ट ते दडवीत नाहीत. जनावर कोणत्या जातीचे यापेक्षा ते कसे वाढविले हे महत्त्वाचे, हे त्यामागील तत्त्व समजावून देतात. न्यूयॉर्कला परतल्यावर ते बाजारातून एक अख्खे डुक्कर विकत घेतात, स्कूटरवर लादून घरी आणतात आणि इमारतीच्या लिफ्टमधून वर नेतात. लिफ्टमधील शेजाऱ्याची अस्वस्थता हा केवळ हशाचा प्रसंग नाही. बाजारात मांस विकत घेणाऱ्या माणसाला सबंध जनावर पाहून किळस यावी, हा शिकागोनंतरच्या शंभर वर्षांचा परिणाम आहे.

'हीट' जेथे अपुरे पडते ती जागा दुसऱ्या प्रश्नाची आहे. चेक्कीनीचे घराणे दोनशेहून अधिक वर्षे याच धंद्यात आहे. त्याला स्वतःला मात्र खाटीक व्हावयाचे नव्हते. तो पिसा येथे पशुवैद्यकाचा अभ्यास करीत होता. जनावरे बरी करण्याचे त्याचे स्वप्न होते. वडिलांच्या निधनामुळे शिक्षण अर्धवट टाकून त्याला विशीच्या आतबाहेर दुकानात उभे राहावे लागले. म्हणजे गुरूची उमेदवारी व्याधासारखी, वाडवडिलांकडून अंगावर आलेली. आणि शिष्याची हौसेने पत्करलेली, पाहिजे तेव्हा संपविता येणारी. एकाच ओट्याच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या या दोन माणसांतील अंतर हा या पुस्तकाचा खरा विषय होऊ शकला असता. ब्युफर्ड यांना ते दिसत नाही असे नाही. त्यांना गुरूच्या विलक्षणपणात अधिक रस वाटतो, एवढेच.

ज्युली पॉवेल यांच्या 'क्लीव्हिंग'ची तऱ्हा निराळी आहे. न्यूयॉर्क राज्यातील किंग्स्टन या गावी फ्लायशर्स नावाच्या दुकानात त्यांनी सुमारे सहा महिने उमेदवारी केली. त्याच सुमारास त्यांचा संसार एका विवाहबाह्य संबंधामुळे उसवत होता. पुस्तकाच्या नावातील इंग्रजी क्रियापदाला दोन परस्परविरुद्ध अर्थ आहेत: चिरून वेगळे करणे आणि घट्ट चिकटून राहणे. उत्पत्तीच्या पुस्तकात पुरुष आपल्या पत्नीशी जडून राहतो असे जे वचन आहे, त्याच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात हेच क्रियापद योजले आहे. पॉवेल यांची सारी रचना या श्लेषावर उभी आहे. सांधा सोडविणे आणि नाते सोडविणे यांची सांगड त्या पुनःपुन्हा घालतात.

हे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा लेखिकेवर निर्लज्जपणाचा आरोप झाला. तो आरोप मला वाङ्मयीन वाटत नाही. कबुलीजबाबाची परंपरा संत ऑगस्टिनपासून आपल्याला परिचित आहे आणि तीत लाजेचे माप लावीत नाहीत. उणीव दुसरीच आहे. येथे सुरा फार लवकर रूपक होतो. फऱ्यातून हाड कसे काढावे याची काही पाने नेमकी आणि सुरेख आहेत. पण वाचक त्या कामात रमतो न रमतो तोच मांसाचा आरसा होतो आणि त्यात लेखिकेचा चेहरा उमटतो. जनावर कोणाचे, कोठून आले, कसे मेले, हे मागे राहते. पॉवेल २०२२ मध्ये अवघ्या ४९ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांच्या या दुसऱ्या पुस्तकातील धाडस मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते, की व्याधाच्या कथेत धर्माने कामाला झाकले, तसे येथे दुःखाने झाकले आहे.

कॅमस डेव्हिस यांचे 'किलिंग इट' कलागुणांत 'हीट'च्या तोडीचे नाही, परंतु तिसऱ्या प्रश्नाला तेच अधिक धैर्याने सामोरे जाते. नियतकालिकातील संपादनाची नोकरी गेल्यावर २००९ मध्ये डेव्हिस फ्रान्समधील गॅस्कनी प्रांतात गेल्या. तेथे केट हिल या अमेरिकन पाककलाशिक्षिकेच्या ओळखीने त्यांना शापोलार कुटुंबाच्या हाताखाली शिकावयास मिळाले. हे भाऊ डुकरांसाठी धान्य स्वतः पिकवितात, डुकरे स्वतः वाढवितात, सहकारी तत्त्वावर चालणाऱ्या कत्तलखान्यात त्यांचे भागीदार असतात आणि आठवड्याच्या बाजारात माल स्वतः विकतात. बीजापासून सॉसेजपर्यंत एकही दुवा त्यांच्या नजरेआड नाही. त्यामुळे शिष्येलाही तो नजरेआड करता येत नाही. मरणाच्या क्षणी तेथे उभे राहणे, हा तिच्या शिक्षणाचा भाग होतो. पोर्टलंडला परतून डेव्हिस यांनी सामान्य नागरिकांना हे काम शिकविणारी 'पोर्टलंड मीट कलेक्टिव्ह' ही संस्था काढली. २०१२ मध्ये ससे मारण्या-सोलण्याच्या वर्गाच्या आधी त्यासाठीचे ससेच चोरीला गेले. त्या निमित्ताने उसळलेल्या वादात डेव्हिस विरोधकांना हसण्यावारी नेत नाहीत, किंवा स्वतःला निर्दोषही ठरवीत नाहीत. मांस खाणाऱ्याने एकदा तरी हे पाहावे, आणि पाहून मग काय ते ठरवावे, एवढेच त्यांचे म्हणणे.

या तिन्ही पुस्तकांत नायक किंवा नायिका एका मोठ्या नोकरीतून अथवा मोडलेल्या आयुष्यातून ओट्याकडे येते, आणि ओट्यावरून लेखनाच्या मेजाकडे परत जाते. सुरा हाती घेणे हे त्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्य आहे. मराठी वाचकाने ही पुस्तके वाचताना येथे क्षणभर थांबावे. कारण आपल्या भाषेतील या विषयाचा अनुभव नेमका उलट आहे.

आपल्याकडे या विद्येची उमेदवारी जन्माने ठरत आली. गावगाड्यात बकरे हलाल करण्याचे काम मुलाण्याचे. ते त्याचे बलुते. खाटीक हे तर जातीचेच नाव. मेलेले ढोर ओढणे, सोलणे महारवाड्या-मांगवाड्याच्या वाट्याला. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मेलेल्या जनावराच्या मांसाचे आणि त्याच्या वाट्यांचे जे चित्रण आले, ते वाचून पांढरपेशा मराठी वाचक हादरला. ते वाचताना आपल्याला भूक आणि अपमान दिसला, आणि तो दिसणे आवश्यकच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचा आदेश दिला तो याच अपमानातून बाहेर पडण्यासाठी. ब्युफर्ड यांना सुरा उचलण्यात मुक्ती लाभली. या माणसांना तो खाली ठेवण्यात लाभली. दोन्ही खऱ्या आहेत. पहिलीचे कौतुक करताना दुसरीचा विसर पडणे मात्र अक्षम्य ठरेल.

मग सक्तीने शिकलेल्या या विद्येला ज्ञान म्हणावे काय? या प्रश्नाचे सर्वांत समर्थ उत्तर मला शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात आढळले. मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीचे हे पुस्तक आत्मकथन, पाककृती आणि समाजशास्त्र यांच्या सीमेवर उभे आहे. सुप्रसिद्ध वचनात केवळ एक अक्षर घालून लेखकाने आपल्या पुस्तकाचे नाव सिद्ध केले आहे आणि त्या एका अक्षरात शतकांचा हिशेब आहे. जनावराच्या भागांची नावे, मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्या, कोणता भाग किती शिजवावा आणि कोणता टिकवावा, याची नोंद पाटोळे इतक्या निर्विकार नेमकेपणाने करतात की वाचकाला दया दाखविण्याची सवडच मिळत नाही. ते अपमान लपवीत नाहीत, आणि त्या अपमानामुळे ज्ञानाला कमी लेखतही नाहीत. आपण ठरविलेल्या पहिल्या दोन मापांना एकाच वेळी उतरणारे असे लेखन विरळा. इंग्रजीतील तिन्ही पुस्तकांच्या शेजारी ते ठेवले असता त्यांची श्रीमंती आणि त्यांची मर्यादा दोन्ही स्पष्ट दिसतात.

तरीही एक जागा रिकामी राहतेच. पाटोळे यांचे लेखन प्रामुख्याने चुलीभोवतीचे आहे. खाटकाच्या दुकानात, बापाच्या वा चुलत्याच्या हाताखाली उभ्या राहिलेल्या पोराची गोष्ट त्याच पोराच्या लेखणीतून यावयाची आहे. प्रथम नुसता ओटा धुणे, मग पाय आणि मुंडी साफ करणे, मग खिमा, आणि अनेक महिन्यांनी कधीतरी अख्खा फरा हाती येणे. निसण्यावर सुरा किती फिरवावा, आकड्यावरच्या बकऱ्याकडे पाहून त्याचे वय कसे सांगावे, नळीच्या हाडावर घाव कोठे घालावा म्हणजे मगज सांडत नाही. गिऱ्हाईक हिणवून बोलले तर मान कशी खाली ठेवावी, हाही त्या शिक्षणाचाच भाग. ही गोष्ट लवकर यावयास हवी, कारण ही घरे आता बदलत आहेत. मुले शिकून अन्य व्यवसायांत जात आहेत, आणि ती जावीत. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली तेव्हा मोठ्या जनावराचे काम करणाऱ्या कुटुंबांच्या पिढीजात कामाचा मोठा भाग संपुष्टात आला. कायद्याविषयी मतभेद असतील. परंतु त्याबरोबर किती हातांची विद्या वारसाविना राहिली, याची नोंद साहित्याने घेतली पाहिजे.

आपल्या समाजाला या बाबतीत एक सोय आहे. आपल्याकडे मांसाहाराला पाप मानण्याची परंपरा नाही. आकाशातून उतरलेल्या चादरीतील सर्व प्रकारचे प्राणी पाहून संत पेत्र कचरला, तेव्हा देवाने जे शुद्ध केले ते तू अशुद्ध मानू नकोस, असे त्याला सांगण्यात आल्याचे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आपण वाचतो. ख्रिस्तसभेने खाटकांना संत बार्थोलोम्यूसारखा आश्रयदाता संतही दिला. हातात सोलण्याचा सुरा घेतलेली त्याची प्रतिमा चित्रकारांनी अनेकवार रंगविली आहे. म्हणजे व्याधाला जी क्षमायाचना करावी लागली ती आपल्या खाटकाला करावी लागू नये. असे असूनही दुकानाच्या ओट्यापाशी आपण पैसे पुढे सरकवितो, पिशवी घेतो आणि नजर दुसरीकडे वळवितो. विवाह जुळविताना मुलाचा धंदा विचारतात तेव्हा आपल्या चेहऱ्यावर काय उमटते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. ताटातील पदार्थाला आपण अशुद्ध मानले नाही, हे खरे. तो तयार करणाऱ्या हाताच्या बाबतीत असे छातीठोकपणे सांगता येईल काय?

ब्युफर्ड, पॉवेल आणि डेव्हिस या तिघांच्या पुस्तकांचे वाङ्मयीन मोल कमी-अधिक आहे आणि ते वर यथामती सांगितले. त्या तिघांनी मिळून एक गोष्ट निश्चित केली: ते ओट्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले, शिकले, चुकले, आणि ज्याच्याकडून शिकले त्याला त्यांनी गुरू म्हटले. त्यांच्या परत जाण्यावर आपण टीका केली. पण आपण तर मुळात गेलोच नाही. पुढील रविवारी रांगेत उभे असताना निदान एवढे करता येईल, की समोरच्या पोराला हे काम कोणी शिकविले ते विचारावे, आणि तो सांगेल ते ऐकून घ्यावे.